जास्त फिरणारी प्रजाती जिंकते का? दोन सारख्या प्रजातींची स्पर्धा आणि त्यांचं हिंडणं

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन जवळच्या प्रजाती एकाच जागी, एकाच अन्नावर जगतात. एक जास्त हिंडते, दुसरी फारशी हलत नाही. प्रश्नकर्त्याने संगणकावर चौकटींच्या ग्रिडवर एक साधं मॉडेल करून पाहिलंय. दोघींचं फिरणं अगदी कमी ठेवलं तर दोन्ही बराच काळ टिकतात, वाढवलं की एक नाहीशी होते. पण कोणती नाहीशी होणार ते ठरलेलं नाही. कधी हिंडणारी जाते, कधी बैठी. मग यात नेमकं काय चाललंय, आणि यावरून रानातल्या खऱ्या प्राण्यांबद्दल काही म्हणता येईल का?

म्हणता येईल, पण प्रश्न जरा फिरवून घ्यावा लागेल. "जास्त फिरणं फायद्याचं की तोट्याचं?" असं सरळ विचारलं तर त्याला उत्तर नाही. विचारायचं ते हे, की या फिरण्यामुळे एखाद्या प्राण्याची गाठ स्वकीयांशी जास्त पडते की परकीयांशी? मी मुंग्या आणि उंदीरवर्गीय लहान प्राणी यांच्यामागे बरीच वर्षं हिंडतोय, अधूनमधून मॉडेलंही करतो. दोन्हीकडे गुंता सुटतो तो याच टोकाने.

स्पर्धेचं पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हणजे गॉज या रशियन शास्त्रज्ञाचे पॅरामिशियम या पाण्यातल्या एकपेशीय जीवावरचे प्रयोग. पॅरामिशियम ऑरेलिया आणि पॅरामिशियम कॉडेटम वेगवेगळे वाढवले तर दोघांचंही नीट चालतं. एकाच काचेच्या नळीत एकत्र ठेवले की कॉडेटम संपतो, हे त्याने १९३४ साली मांडलं. सारख्या गरजांच्या दोन प्रजाती एकत्र नांदत नाहीत हा नियम तिथून रूढ झाला. पण त्या नळीत परिस्थिती काय होती ते बघा. अन्न सगळीकडे सारखं पसरलेलं, आणि पोहणारे जीव थोड्याच वेळात कुठल्याही कोपऱ्यात पोचणारे. म्हणजे प्रत्येकाची गाठ प्रत्येकाशी. त्याच गॉजने कॉडेटमला पॅरामिशियम बर्सारियाच्या जोडीला ठेवलं तेव्हा मात्र दोघंही टिकले, कारण बर्सारिया तळाशी बसलेल्या यीस्टवर चरत राहिला आणि कॉडेटम वर तरंगणाऱ्या जिवाणूंवर. एवढ्याशा नळीतसुद्धा वावराची जागा वेगळी झाली आणि निकाल बदलला.

दोन प्रजाती कायमच्या एकत्र राहायच्या तर अट एकच: प्रत्येकीने दुसरीला जितकं दाबायचं, त्याहून जास्त स्वतःला दाबायचं. संख्या वाढली की आपल्याच लोकांची गर्दी आडवी आली पाहिजे, आणि जी विरळ झालीय तिला थोडा श्वास मिळाला पाहिजे. एरवी हा फरक अन्नातल्या निवडीमुळे, रोगांमुळे किंवा शिकाऱ्यांमुळे पडतो. फिरण्याचं वैशिष्ट्य असं की त्यामुळे प्राण्यांच्या गरजा बदलत नाहीत, पण कोण कुणाच्या वाट्याला येतो ते बदलतं. त्यामुळे प्रजातींची तीच जोडी एका ठिकाणी हाडवैरी वाटते आणि दुसरीकडे शेजारी.

आता तुमचं ग्रिड घेऊ. फिरणं कमी ठेवलं की पिल्लं आईच्या लगतच्याच चौकटीत राहतात. काही पिढ्यांत एकेका प्रजातीचे पुंजके तयार होतात. पुंजक्याच्या आतल्या प्राण्याला चहूबाजूंनी आपलीच माणसं दिसतात. दुसरी प्रजाती अस्तित्वात आहे याचा त्याला पत्ताही नसतो. लढाई फक्त सीमेवर. शंभर बाय शंभरच्या ग्रिडवर मधोमध एक सरळ सीमा असेल, तर दहा हजार चौकटींपैकी जेमतेम दोनशे चौकटी खऱ्या अर्थाने लढतायत, बाकी सगळी पिछाडी. साहजिकच निकाल लागायला वेळ लागतो.

इथे एक सावधगिरी घ्या, कारण विद्यार्थ्यांच्या मॉडेलांत मला हा घोटाळा वारंवार दिसतो. सावकाश हरणं म्हणजे टिकणं नव्हे. दोघींचं फिरणं सारखंच असेल आणि एक किंचित सरस असेल, तर नुसत्या पुंजक्यांनी दुसरी वाचत नाही. सीमा मुंगीच्या पावलाने सरकत राहते, इतकंच. तुम्ही एक हजार पिढ्यांवर थांबलात म्हणून दोन्ही दिसतायत, दहा हजारांवर थांबलात तर कदाचित एकच दिसेल. ओळखायचं कसं? ग्रिड दुप्पट मोठं करा. निकालाला लागणारा वेळ ग्रिडच्या आकाराबरोबर वाढत गेला, तर ती नुसती दिरंगाई आहे. याहून भरवशाची परीक्षा म्हणजे आधी एकट्या एका प्रजातीने ग्रिड भरू द्या, मग दुसरीचे मोजके प्राणी आत सोडा आणि त्यांची संख्या वाढते का बघा. मग अदलाबदल करून हेच पुन्हा करा. दोन्ही वेळा विरळ असलेली प्रजाती वाढली तरच सहअस्तित्व म्हणा. फक्त वाढ मोजायची ती पाहुण्यांचा छोटा पुंजका तयार झाल्यानंतर. त्याआधीचा आकडा फसवा असतो, कारण सुट्या प्राण्याला शेजारी आपल्यांची गर्दी अजून जाणवलेलीच नसते.

जागेला चिकटून राहण्याने खरोखरच विविधता टिकते असंही घडतं, पण त्याला आणखी काहीतरी लागतं. याचं माझं आवडतं उदाहरण जिवाणूंचं आहे. केर या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ई. कोलाय जिवाणूचे तीन वाण घेतले. ह्या प्रजाती नव्हेत, वाण आहेत, पण तत्त्व तेच. पहिला कोलिसिन नावाचं विष बनवतो, दुसरा त्या विषाला बळी पडतो, तिसरा त्याला दाद देत नाही. विषवाला बळीला मारतो. बळी पडणारा दाद न देणाऱ्यापेक्षा वेगाने वाढतो. आणि दाद न देणारा विषवाल्यापेक्षा वेगाने वाढतो. प्रत्येकाला एक शेर आणि एक सव्वाशेर. आगरच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या घट्ट जेलीच्या, बशीवर, जिथे प्रत्येक जिवाणू जिथे आहे तिथेच वाढतो, तिघेही टिकले; सीमा एकमेकींचा पाठलाग करत बशीभर फिरत राहिल्या. तेच तिघे हलवत ठेवलेल्या फ्लास्कमध्ये घातले तेव्हा दाद न देणारा तेवढा उरला. जीव तेच, अन्न तेच, फक्त घुसळण वाढली. पण तुमच्या मॉडेलमध्ये दोनच प्रजाती आहेत, त्यामुळे असं चक्र तयार व्हायला तिथे वाव नाही. कमी फिरण्याने दिसणारं तुमचं सहअस्तित्व म्हणूनच मला संशयास्पद वाटतं.

फिरणं दोघींचं वेगवेगळं असलं की गोष्ट रंगते. सगळ्यांत जुना आणि लोकप्रिय खुलासा असा: दुबळी प्रजाती चपळ असेल आणि बलवान प्रजाती मंद, तर दुबळी जगते ती रिकाम्या जागा आधी गाठून. लेव्हिन्स आणि कल्व्हर यांनी १९७१ मध्ये ही कल्पना गणितात बसवली आणि टिलमनने १९९४ मध्ये ती कितीही प्रजातींपर्यंत वाढवून दाखवली. त्याच वर्षी टिलमन आणि सहकाऱ्यांनी यातून एक अस्वस्थ करणारा निष्कर्षही काढला. अधिवास नष्ट होऊ लागला तर आधी जाते ती सगळ्यांत बलवान स्पर्धक, कारण नवी जागा गाठण्यात तीच सगळ्यांत कच्ची असते. आणि ती लगेच जात नाही, नाश होऊन गेल्यावर बऱ्याच काळाने जाते. तोवर पाहणाऱ्याला सगळं आलबेल वाटतं.

ही कल्पना इतकी गोंडस आहे की लोक ती न मोजताच वापरतात. तिला तीन गोष्टी लागतात. जागा पुन्हा पुन्हा रिकाम्या होत राहिल्या पाहिजेत, बलवान प्रजातीने आल्यावर दुबळीला खरंच हुसकावलं पाहिजे, आणि चपळाई व ताकद यांत खरोखर उलटं नातं असलं पाहिजे. तिसरी गोष्ट मुंग्यांमध्ये छान तपासता येते. कागदाच्या तुकड्यावर साखरपाण्याचे थेंब आणि थोडं प्रथिनयुक्त खाद्य ठेवायचं आणि शेजारी बसून राहायचं. बहुतेक वेळा आधी येते ती लांब पायांची, एकटीदुकटी, वेड्यावाकड्या वाटेने धावणारी मुंगी. ती थेंबाला तोंड लावते, पोट फुगेपर्यंत पिते आणि घाईने निघते. काही वेळाने दुसऱ्या जातीची एखादी मुंगी सापडते, ती परतताना पोटाचं टोक जमिनीला टेकवत गंधाची रेघ ओढत जाते, आणि त्या रेघेवरून तिच्या बहिणींची रांग लागते. मग कागदाच्या कडेला ढकलाढकली सुरू होते. लांब पायांची एखादी जिवावर उदार होऊन रांगेतून आत शिरते, पायाला चावा बसला की माघार घेते, आणि शेवटी तो कागद सोडून दुसरा शोधायला निघते. आधी शोधणारी एक, ताबा घेणारी दुसरी.

हे चित्र डोळ्यांनी पाहिलं की सगळीकडे असंच असणार असं वाटू लागतं. तसं ते नाही. पार आणि गिब यांनी २०१२ मध्ये अनेक ठिकाणचे मुंग्यांचे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा शोध आणि ताबा यांतलं हे उलटं नातं नियम नसून अपवाद निघालं. कित्येक ठिकाणी आधी पोचणारी मुंगीच ताबाही घेते. बाहेरून येऊन पसरलेल्या काही आक्रमक मुंग्यांचं तर सगळं बळच यात आहे, की त्या शोधण्यातही पुढे आणि रेटण्यातही पुढे. तेव्हा तुमच्या मॉडेलमध्ये चपळ प्रजातीला तुम्ही दुबळी केलंय की नाही, आणि केलं असेल तर कशाच्या आधारावर, हे आधी लिहून काढा.

आता तुमच्या खऱ्या कोड्याकडे येतो, म्हणजे कधी हिंडणारी हरते आणि कधी बैठी. माझा अंदाज आहे की उत्तर तुमच्या अन्नाच्या वाटपात दडलंय.

समजा चांगल्या आणि वाईट चौकटी ठरलेल्या आहेत आणि त्या कधीच बदलत नाहीत. दोन्ही प्रजाती सगळ्या बाबतींत हुबेहूब सारख्या, फरक फक्त फिरण्याच्या दरात, आणि फिरणं आंधळं, म्हणजे दिशा न बघता. अशा जगात कमी फिरणारी जिंकते. हेस्टिंग्जने १९८३ मध्ये हे दाखवलं, आणि डॉकरी व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दोन स्पर्धक प्रजातींसाठी ते गणिताने पक्कं केलं. कारण साधं आहे. चांगल्या चौकटीत शंभर प्राणी आहेत, वाईट चौकटीत दहा. प्रत्येक पिढीत दहा टक्के प्राणी आंधळेपणाने चौकट बदलतात. चांगलीतून वाईटात गेले दहा, वाईटातून चांगलीत आला एक. फिरणं निःपक्षपाती असलं तरी गर्दी चांगल्या जागी असल्यामुळे एकूण ओघ वाईटाकडेच राहतो. जी प्रजाती जास्त फिरते तिचे जास्त प्राणी असे वाया जातात. फिरण्याचा खर्च शून्य धरला तरीही हे खरं आहे. दमणूक आणि वाटेतले शिकारी धरले तर आणखीच खरं.

आता चांगल्या चौकटी जागा बदलत राहतात असं धरा. आज इथे पाऊस, उद्या तिथे; यंदा या टेकडीवर बियांचं पीक, पुढच्या साली त्या. बैठी प्रजाती वाळत चाललेल्या चौकटीत अडकते आणि हिंडणारीचे काही प्राणी तरी नव्या हिरवळीवर असतात. इथे हिंडणारी जिंकते. बदलाचा वेग मधला असेल, काही जागा स्थिर आणि काही बदलत्या असतील, तर दोघींनाही आपापला कोपरा मिळू शकतो. म्हणजे तुमच्या ग्रिडवर अन्न प्रत्येक फेरीत नव्याने यादृच्छिक पसरतं की सुरुवातीला एकदाच ठरतं, आणि ठरत असेल तर किती फेऱ्यांनी बदलतं, यावर सगळं अवलंबून आहे. एकाच मॉडेलमध्ये दोन्ही निकाल येतायत याचा अर्थ बहुधा तुम्ही या दोन टोकांच्या मधोमध कुठेतरी आहात आणि योगायोगाचं पारडं इकडेतिकडे होतंय. जाता जाता एक भर: हॅमिल्टन आणि मे यांनी १९७७ मध्ये दाखवलं की अगदी स्थिर अधिवासातही काही पिल्लांना दूर पाठवणं परवडतं, वाटेत बरीच मेली तरी, कारण घरी राहिलेल्यांना आपल्याच भावंडांशी झगडावं लागतं. स्वकीयांची गर्दी टाळणं हा फिरण्याचा स्वतंत्र फायदा आहे.

वरचं सगळं आंधळ्या फिरण्याबद्दल झालं. खरे प्राणी आंधळे फिरत नाहीत, ते अन्नाच्या दिशेने सरकतात. मग सहज वाटतं की जी प्रजाती अन्नाचा माग जितका घट्ट धरेल तितकी ती वरचढ. इथे गणिताने एक मजेदार अडचण दाखवलीय. कँट्रेल, कॉस्नर आणि लू यांच्या कामातून दिसतं की जास्त अन्नाच्या दिशेने धावण्याची ओढ फार तीव्र असेल, तर ती प्रजाती सगळ्यांत समृद्ध जागांवर नको इतकी दाटते. तिथे आपल्यातच मारामारी, आणि मधल्या बऱ्यापैकी जागा मोकळ्या. त्या मोकळ्या जागांवर दुसरी, आंधळेपणाने पसरणारी प्रजाती आरामात जगते. पुन्हा तेच सूत्र: जास्त हुशारीने फिरणाऱ्या प्रजातीची गाठ स्वकीयांशीच जास्त पडू लागली आणि परकीयांना जागा झाली. यातून सुटका एवढीच की गर्दीही हिशेबात धरून जागा निवडायची, म्हणजे जिथे अन्न भागिले तोंडं हे प्रमाण चांगलं तिथे जायचं. तसं करणारीला हटवणं फार अवघड असतं.

इथवर फिरणं म्हणजे किती आणि कुठे एवढंच धरलं. रानात त्याहून महत्त्वाचं वाटतं ते कसं आणि केव्हा. याचा सगळ्यांत सुंदर अभ्यास मला वाटतो तो इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्यांवरच्या जर्बिलांचा, म्हणजे वाळवंटी उंदरांचा. तिथे दोन जवळचे जर्बिल राहतात, एक सुमारे ४० ग्रॅमचा, दुसरा सुमारे २५ ग्रॅमचा. दोघेही निशाचर, दोघेही वाळूतलं बी खाणारे. दुपारचा वारा वाळू हलवतो आणि बिया पुन्हा उघड्या पडतात, म्हणजे रोज संध्याकाळी ताट नव्याने वाढलेलं असतं. मोठा जर्बिल रात्रीच्या पहिल्या भागात बाहेर पडतो, समृद्ध जागा उरकतो. लहान जर्बिल मागाहून हिंडतो आणि उरलेलं नेटाने वेचतो. ही आवड नव्हे, सक्ती आहे: झिव्ह आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवलं की मोठा जर्बिल काढून घेतला की लहानगा लवकरच्या वेळेकडे सरकतो.

अशा कामात जे साधन वापरतात ते अगदी साधं आहे आणि कुणालाही जमण्यासारखं. उथळ ट्रेमध्ये चाळलेली वाळू घ्यायची, त्यात तोलून ठरावीक बी मिसळायचं, ट्रे रात्रभर ठेवायचा. सकाळी वाळूवरचे पायांचे ठसे पाहून कोण आलं होतं ते नोंदवायचं, मग वाळू चाळून, टरफलं बाजूला करून उरलेलं बी तोलायचं. सुरुवातीला बी भराभर मिळतं, मग एकेका दाण्यासाठी जास्त उकरावं लागतं. कुठल्यातरी क्षणी प्राणी ठरवतो की आता इथे वेळ घालवण्यात अर्थ नाही. जो जास्त बी मागे ठेवून जातो तो वरवरचं उचलून पुढे पळणारा. जो कमी ठेवतो तो बैठक मारून वेचणारा. जोएल ब्राउनने १९८८ मध्ये या उरलेल्या बियांवरून प्राण्याचा नफातोटा कसा वाचायचा ते मांडलं. पळणारा आणि वेचणारा एकाच बियांवर जगू शकतात, पण अट अशी की पळणाऱ्याला एका जागेवरून दुसरीकडे जाणं स्वस्त पडलं पाहिजे आणि जागाजागांत फरक मोठा असला पाहिजे. सगळीकडे सारखंच बी असेल तर वेचणारा पळणाऱ्याला उपाशी ठेवील. म्हणून स्थळ बदललं, वारा पडला, की याच जोडीचा निकाल बदलू शकतो.

फिरण्याच्या सवयी स्थिर नसतात हेही लक्षात असू द्या. अमेरिकेतल्या माँटाना राज्यात ब्लूबर्ड पक्ष्यांच्या दोन प्रजाती आहेत, पश्चिमी आणि पर्वती. दोन्हींना घरट्यासाठी आयती ढोली लागते, स्वतः कोरता येत नाही. माणसांनी घरट्यांच्या पेट्या लावल्यानंतर पश्चिमी ब्लूबर्ड पुन्हा तिथे पसरला आणि पर्वती ब्लूबर्डला मागे रेटू लागला. डकवर्थ आणि बद्यायेव यांनी २००७ मध्ये दाखवलं की नव्या जागी जाणारे पश्चिमी नर सरसकट नसून निवडक, जास्त भांडकुदळ होते; शांत नर जन्मस्थानाजवळच राहत. म्हणजे पर्वती ब्लूबर्डची गाठ पडली ती शेजारच्या प्रजातीच्या सरासरी पक्ष्याशी नव्हे, तिच्यातल्या पैलवानांशी. पुढे काही पिढ्यांत त्या वसाहतीतला भांडखोरपणा उतरला, कारण हे पैलवान बाप म्हणून सुमार असतात. प्रसाराच्या आघाडीवर मोजलेली स्पर्धा आणि जुन्या वस्तीत मोजलेली स्पर्धा यांचे आकडे एकच समजू नका.

प्रत्यक्ष मोजणीबद्दल थोडं, कारण खरा वेळ तिथे जातो. दोन प्रजातींची वावरक्षेत्रं एकमेकांवर किती पडतात यावरून स्पर्धा ठरवण्याचा मोह टाळा. जास्त आच्छादन म्हणजे कडवी स्पर्धा असू शकते किंवा स्पर्धाच नसल्याची खूण असू शकते. कमी आच्छादन म्हणजे एकाने दुसऱ्याला हुसकावलं असेल किंवा दोघांना जागाच वेगवेगळ्या आवडत असतील. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या गवताळ रानातले चित्ते सिंह आणि तरस कमी असलेल्या भागांत सरकतात, तिथे शिकार कमी असली तरी. नकाशावर नुसतं बघणाऱ्याला ती चित्त्याची आवड वाटेल. खात्रीचा पुरावा एकच, दुसरी प्रजाती नसताना पहिली काय करते ते बघणं. मग ती प्रयोगाने काढलेली असो, नाहीतर निसर्गतः एखाद्या बेटावर पोचलेलीच नसो.

मॉडेलसाठी माझा सल्ला असा. सगळ्यांत आधी एक उलटी चाचणी करा: दर फेरीनंतर सगळे प्राणी ग्रिडवर पार विस्कटून टाका. निकाल बदलला नाही, तर तुमच्या मॉडेलमध्ये जागेला काही अर्थच नाही आणि फिरण्याबद्दलची सगळी चर्चा फुकट आहे. बदलला, तर फिरण्याचे नियम दोन प्रजातींत अदलाबदल करा. विजेती बदलते का ते बघा. मग अन्नाच्या जागा कायम ठेवून आणि त्या हलवून पाहा. चाल करण्याचा क्रम दर फेरीत चिठ्ठ्या टाकून ठरवता ना, हेही तपासा. यादीत वरच्या प्रजातीची पाळी कायम आधी येत असेल तर ती आयतं अन्न लाटते, आणि फिरणं वाढवलं की हा फुकटचा फायदा आणखी फुगतो. फिरण्याला काही खर्च लावलाय का? नसेल तर थोडा लावून बघा, कारण रानात फुकट पाऊल कुणालाच टाकता येत नाही.

पुढे खऱ्या प्राण्यांना टॅग, म्हणजे ठिकाण नोंदवणारं छोटं उपकरण, लावून मागोवा घेणार असाल तर दोन्ही प्रजातींच्या नोंदींमधलं अंतर सारखं ठेवा. दर पाच मिनिटांनी ठिकाण नोंदवलेला प्राणी दर तासाला नोंदवलेल्या प्राण्यापेक्षा नेहमीच जास्त चाललेला दिसतो, कारण तासाभरातली वळणं सरळ रेषेत गिळली जातात. वेगवेगळ्या टॅगांच्या आकड्यांवरून "ही प्रजाती जास्त फिरते" असं लिहिलेलं मी छापून आलेल्या लेखांतही पाहिलंय. उपकरण काय मोजतंय हेही माहीत हवं. भटक्या अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याची उड्डाणं एका खास गणिती नमुन्याने होतात असं १९९६ मध्ये गाजलं होतं. पायावरचं उपकरण कोरडं म्हणजे पक्षी उडतोय असं धरलं होतं. २००७ च्या फेरतपासणीत कळलं की सगळ्यांत लांब "उड्डाणां"पैकी काही म्हणजे पक्षी निवांत घरट्यावर बसून होता.

रानातून तुम्हाला पहिले तीनच आकडे काढायचेत: एका पिढीत प्राणी जन्मस्थानापासून किती लांब जातो, आणि चांगल्या अन्नाचा एक तुकडा किती रुंद आहे व किती काळ टिकतो. पहिला आकडा तुकड्याच्या रुंदीपेक्षा फार लहान असेल तर पुंजक्यांचं आणि सीमेचं गणित लावा, फार मोठा असेल तर गॉजची नळी पुरेशी आहे. दोन्ही जवळपास सारखे असतील तर मात्र मॉडेल नीट करावंच लागेल, आणि त्यात अन्नाचा तुकडा किती फेऱ्यांनी जागा बदलतो तो आकडा रानातून मोजून घाला, मनाने धरू नका.